पत्र्यावरचं कुंकू

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर तीन खिळे आहेत आणि फ्रेमा दोनच. एका फ्रेममध्ये गुऱ्हाळाच्या काहिलीतली मळी काढणाऱ्या फिरत्या झाऱ्याचं पेटंट आहे, दुसरीत ठिबकच्या गाळणीचं. आष्ट्यात कुणी नवीन माणूस वर्कशॉपात आला की फ्रेमांकडे बघून हमखास विचारतो, ही डिग्री कुठल्या कॉलेजची? माझे वडील, म्हणजे आबा, त्याला खरं काय ते सांगत बसत नाहीत. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी डिग्रीवाला समजलं तर आपलं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा खिळा उसाचे डोळे काढायच्या यंत्रासाठी ठोकला होता. हल्ली उसाची अख्खी कांडी लावण्यापेक्षा पेरावरचा डोळा तेवढा कापून त्याचं रोप करतात. हाताच्या यंत्रानं अंदाजानं कापताना डोळा दुखावतो आणि रोप उगवतच नाही. आबांनी पात्याच्या अलीकडे अंगठ्याएवढा एक रोलर बसवला. तो उसावरून चाचपत जातो, पेराचा फुगवटा लागला की उचलला जातो आणि त्याच क्षणी पातं खाली येतं. बाकी यंत्र कुणीही केलं असतं. अक्कल होती ती त्या रोलरात, आणि तो जमेपर्यंत आबांनी तीन गळीत हंगाम घालवले. माझ्या आईनं त्या काळात लावणीचा ऊस चिरलेल्या तुकड्यांत इतका बघितला की घरात उसाचा रस आणायला बंदी केली.

मी साताऱ्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात काम करते. आबांच्या पेटंटांची चित्रं मीच काढते. अर्जाला यंत्राच्या प्रत्येक भागाचं चित्र लागतं, त्यावर आकडे घालायचे असतात. पुण्याच्या पेटंट एजंटनं आबांना बजावलं होतं, अर्ज दाखल होईपर्यंत यंत्राचं पोट कुणाला दिसता कामा नये. लोकांनी आधीच बघितलेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवीन राहत नाही. म्हणून आबांनी रोलर आणि पात्यावर पत्र्याचं झाकण केलं, हिरवा रंग दिला, चार बोल्ट आवळले. माझी चित्रं दसऱ्याच्या आत व्हायची होती. ती झाली नाहीत. कारण म्हणाल तर काही नव्हतं. रविवार येत होते आणि जात होते.

खंडेनवमीला मी आष्ट्याला आले. त्या दिवशी आमचं वर्कशॉप सगळ्यांना मोकळं असतं. यंत्रं धुऊनपुसून ठेवतात, झेंडू वाहतात, आणि आबांचा एक नियम असतो. यंत्राचा जो भाग काम करतो, त्यालाच कुंकू. लेथच्या हत्याराला, ड्रिलच्या टोकाला, हातोडीच्या तोंडाला. लहानपणी मी एकदा लेथच्या मोटारीच्या डब्याला कुंकू लावलं, तर आबा म्हणाले होते, पत्र्याला कसलं कुंकू? ते वाक्य आमच्या घरात नंतर कशालाही वापरलं जायचं. कुणी नुसता वरवर मेकअप केला तरी आई तेच म्हणायची.

त्या वर्षी ताम्हण घेऊन मी डोळे काढायच्या यंत्रापाशी आले. आबा म्हणाले, ह्याला राहू दे. मी हसले आणि म्हणाले, "आबा, पत्र्याला कसलं कुंकू?" ते क्षणभर झाकणाकडे बघत राहिले. मग हसले आणि खिशातला पाना माझ्या हातात दिला. चारही बोल्ट मी काढले. पात्याला आणि रोलरला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. आमच्या आबांचं नवं यंत्र, असं वर लिहिलं. लोकांनी भरभरून हात जोडले. एजंटचं बोलणं मला माहीत होतं. पण देवाच्या पूजेचा आणि त्याचा काही संबंध असेल, असं ना मला वाटलं ना आबांना. चित्रं मी दिवाळीनंतर दिली आणि अर्ज त्यानंतर गेला.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर अवजारं बनवणाऱ्या एका परगावच्या कंपनीनं हरकत घेतली. पुरावा म्हणून तो फोटो जोडला होता. खाली तारीख, वर माझं नाव. मोठा करून बघितला की रोलर स्पष्ट दिसत होता, कारण झेंडू मी जरा बाजूला ठेवला होता, कुंकू दिसावं म्हणून.

एजंटचा फोन आला तेव्हा आबा आणि मी वर्कशॉपातच होतो. फोटोतलं यंत्र जुनं, वेगळं होतं, असं मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर कंपनीला उलट सिद्ध करणं जड जाईल, असं त्यानं सुचवलं. मी लगेच हो म्हणाले. सही कुठं करायची तेवढं विचारणं बाकी होतं. आबांनी माझ्याकडून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, "खंडेनवमीला देवाम्होरं मांडलेलं यंत्र हाय ते. ते ह्ये न्हवंच, असं माझ्या लेकीनं का म्हणून लिवून द्यायचं?" मग फोन मला परत दिला आणि रोप वाहून न्यायच्या ट्रेला वेल्डिंग करायला बसले.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. आम्ही घरच्या सोप्यात बसलो होतो, आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर माझा फोटो आला. कंपनीच्या वकिलानं रोलरभोवती लाल गोल काढला होता आणि माझं कुंकू त्या गोलाच्या आत आलं होतं. वकिलाच्या मागच्या कपाटाचं एक दार नीट लागत नव्हतं, मी तेवढंच बघत होते. आईनं चहा आणून ठेवला आणि कपात साय धरली. त्या दिवसापासून आजपर्यंत मला ह्या प्रकरणाचं नीट दुःख झालेलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं काहीतरी आहे. आपलाच आहे हे कळतं, पण हात लावला तरी लागत नाही. अर्ज नामंजूर झाल्याची ईमेल मी सातारा स्टँडवर वाचली, बसमध्ये चढले आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून मला बरं वाटलं. ह्याची लाज मात्र वाटते.

आबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. चित्रांचं नाही, फोटोचं नाही, चार बोल्टांचंही नाही. ते भांडले असते तर मीही भांडले असते, मला ते चांगलं जमतं. आता तशी यंत्रं दोन-तीन जण करतात. एक आमच्या शेजारच्या नर्सरीतही आहे. ते बिघडलं की आबाच दुरुस्त करून देतात. तिसऱ्या खिळ्याला वर्कशॉपची किल्ली अडकवलेली असते.

यंदाच्या खंडेनवमीला मी आदल्या दिवशीच पोचले. आबांनी ट्रॅक्टरमागे लावायचं हळद लागणीचं नवं यंत्र केलंय. बियाण्याचा गड्डा एकेक करून सरीत सोडायची त्यांची काहीतरी युक्ती आहे, ती त्यांनी अजून मलाही पुरती सांगितलेली नाही. त्यावर हिरवं झाकण आहे. सकाळी आम्ही नेहमीच्या क्रमानं निघालो. लेथ, ड्रिल, हातोडी. ताम्हण माझ्या हातात, कुंकू आबा लावत होते. दारात पाच-सहा माणसं उभी होती. नव्या यंत्रापाशी आलो तेव्हा मी ताम्हण पुढे धरलं. पाना कुठं असेल ते मला माहीत होतं, त्यांच्या शर्टाचा खिसा खाली ओढला गेला होता.

आबांनी बोट कुंकवात बुडवलं आणि हिरव्या पत्र्यावर टेकवलं. रंग गुळगुळीत होता, कुंकू नीट बसेना. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं, मग फूल ठेवलं. आणि माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, दारातल्या माणसांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तुजी चित्रं झाली की काढू पत्रा. आता फोटो काढ."

मी ताम्हण खाली ठेवलं आणि मोबाइल काढला. पडद्यावर हिरवा पत्रा आणि त्यावरचं ओघळलेलं कुंकू आलं, आणि मी झाकणाचे बोल्ट पुन्हा पुन्हा मोजत राहिले; आबांनी मनगट धरलं तेव्हा कुठं फोटो निघाला.