सभासद व एक पाहुणा

आमच्या फिल्म क्लबात एखादा सभासद गेला, की पुढच्या महिन्यात त्याचा आवडता सिनेमा दाखवायचा आणि घरच्यांना दोन शब्द बोलायला बोलवायचं, अशी पद्धत आहे. मी क्लबाचा चिटणीस. गोपाळकृष्ण परचुरे वारले तेव्हा कर्वेनगरला त्यांच्या घरी मीच फोन केला.

"मला त्यातलं काही कळत नाही हो," त्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या. "पण येते. सव्वीस वर्षं दर शनिवारी हे कशासाठी जायचे, ते एकदा बघायचंय मला."

परचुरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. क्लबात शेवटून तिसऱ्या रांगेत बसायचे आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे. "वहिनी नाही आल्या?" असं आम्ही सुरुवातीला विचारायचो. "तिला आवडत नाही," ते म्हणायचे. आम्हीही ते खरं धरून चाललो. खोदून विचारायची कुणाला पडली होती?

त्या शनिवारी बाई लवकर आल्या आणि दारातच थांबल्या. हातात परचुऱ्यांचं कार्ड.

"मी सभासद नाही. सोडाल ना आत?"

"अहो, काय विचारता! या कार्डावर दोघं चालतात."

त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि कार्ड वाचलं. सभासद व एक पाहुणा. ठळक अक्षरांत आहे, मीच दर वर्षी छापून घेतो.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मला सांगायचे, सभासदांशिवाय कुणाला सोडत नाहीत. आणि शिवाय, पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, तुला झेपायची नाहीत." त्यांनी चष्मा घडी करून ठेवला. "मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं."

मला त्या क्षणी मेलेल्या माणसाचा राग आला. असा राग येणं बरं नव्हे, पण आला.

सिनेमा फ्रेंच होता, परचुऱ्यांचा सर्वांत लाडका. छोट्या गावातला एक घड्याळजी एका पाववालीच्या प्रेमात पडतो. ती परत दुकानात यावी म्हणून तिचं घड्याळ दर वेळी थोडं बिघडवूनच देतो. पाववाली ते घड्याळ बघून भट्टी पेटवते, गाव पावाच्या वेळेवर चालतं, त्यामुळे सगळ्या गावाचाच घोळ होतो. चर्चची घंटा भलत्या वेळी वाजते, बँडवाले लग्नाच्या आदल्या दिवशीच येऊन वाजवून जातात. शेवटी कळतं, की घड्याळ बिघडतंय हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मध्ये एकदा ते चुकून नीट चालायला लागलं, तेव्हा तिनंच ते पिठाच्या डब्यात बुडवलं होतं.

त्या डब्याच्या प्रसंगाला बाई हसल्या. पहिल्यांदा तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मोकळ्या. खालची ओळ पूर्ण उमटायच्या आत त्या हसत होत्या, आमच्यातले जुने जाणकार मागाहून. त्या हसण्याकडे बघून मला वाटलं, हिला सव्वीस वर्षं उपाशी ठेवलं या माणसानं.

दिवे लागले. मी प्रथेप्रमाणे परचुऱ्यांनी या सिनेमावर पूर्वी लिहिलेलं टिपण वाचायला घेतलं. शेवटचं वाक्य होतं, 'हा चित्रपट आपल्या माणसाचा हात हातात घेऊन पाहावा.' सभागृहात दोघाचौघांनी डोळे पुसले. माझी बाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

बाई दोन शब्द बोलायला उठल्या.

"चित्रपट फार गोड आहे. मला सगळा कळला. हे असते तर घरी गेल्यावर तेवढं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या वाजल्या. लोकांना ते हळवं वाटलं असावं.

निघताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या. कार्ड आपल्या नावावर करून हवं होतं. मी फॉर्म दिला, त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या भरला.

"आपल्या सौभाग्यवती दिसल्या नाहीत?" सही करता करता त्यांनी विचारलं.

"हेमा? नाही, तिला आवडत नाहीत असले सिनेमे."

पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असं त्या म्हणाल्या, की तुम्ही?"

मी आठवून पाहिलं. हेमाला मी कधी विचारलंच नव्हतं.