डोळ्यांसमोरची फाइल

उद्यमनगरातल्या त्या लहानशा कारखान्यात आम्ही दूध संस्थांच्या वजनकाट्यांचे इलेक्ट्रॉनिक डबे बनवायचो. डब्यातल्या चिपचा प्रोग्राम लिहायला दोघंच, मी आणि माझे वरिष्ठ. ते तिथे पंधरा वर्षं होते, मी दोन. ते मला 'मॅडम' म्हणायचे, आणि त्या शब्दात मान कधीच नसायचा.

जुना कॉम्प्युटर जळाला, नवा आला. वरिष्ठांनी त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बॅकअपमधून कंपायलरचं फोल्डर मी कॉपी केलं. आम्ही लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल असा करून देणारा तो कंपायलर. तो चालला नाही तर सगळं काम ठप्प.

आणि तो चालेना. नाव टाइप केलं की उत्तर यायचं, 'अशी फाइल नाही.'

"कॉपी करताना फाइल उडवली तुम्ही," वरिष्ठ म्हणाले.

मी फोल्डरची यादी काढून दाखवली. फाइल तिथेच होती. "सर, ही बघा."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?" ते मोठ्यानं म्हणाले. सोल्डरिंग करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

दुपारी मालकांसमोर त्यांनी हेच पुन्हा सांगितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाले, "ताई, जमत नसलं तर सांगा. दुसरं कोण तरी बघू की."

त्या संध्याकाळी जयसिंगपूरच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी वरिष्ठांना मनातल्या मनात जे जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सचिव डबा काखोटीला मारून आले. त्यांच्या नव्या काट्यावर शेवटचा आकडाच उमटत नव्हता. चूक प्रोग्राममधली, माझी दोन ओळींची दुरुस्ती तयार होती, पण कंपायलरशिवाय ती चिपमध्ये जाणार कशी?

"लोक माझ्या अंगावर येत्यात, पावणं," ते वरिष्ठांना म्हणाले. "म्हणत्यात, सचिव दूध मारतोय. आज डबा घेतल्याबिगर मी जात न्हाय." आणि खुर्ची ओढून बसले.

वरिष्ठांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी घोळ घातलाय. ह्यांनाच विचारा."

मी फोल्डर पुन्हा कॉपी केलं, परवानग्या तपासल्या. तेच उत्तर. मग ती फाइल नेमकी कोणत्या जातीची आहे, हे सांगणारी कमांड दिली. कंपायलर जुना, बत्तीस बिटचा, म्हणजे आधीच्या पिढीच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. नवं लिनक्स चौसष्ट बिटचं. जुन्या प्रोग्रामला सुरू व्हायला लिनक्सचा एक बत्तीस बिटचा साहाय्यक प्रोग्राम लागतो, आणि नव्या मशीनवर तोच बसवलेला नव्हता. 'फाइल नाही' असं मशीन म्हणत होतं ते त्याच्याबद्दल. माझी फाइल पहिल्यापासून जागेवर होती. राहिलं होतं ते लिनक्स बसवताना राहिलं होतं, आणि लिनक्स मी बसवलं नव्हतं.

मी तो साहाय्यक इंटरनेटवरून उतरवून बसवला. पुन्हा नाव टाइप केलं. कंपायलर चालला.

अर्ध्या तासात डब्यावर सगळे आकडे आले. सचिव "ब्येस झालं" म्हणत निघून गेले.

मालक आत आले तेव्हा वरिष्ठ आधीच उभे राहिले. "बत्तीस बिटचा प्रॉब्लेम होता. मला शंका होतीच."

"मग काल का बोलला नाहीत?" मी विचारलं. आवाज मला वाटलं होतं त्याहून चढला. "काल तर मी फाइल उडवली होती. सगळ्यांसमोर."

"अवो, झालं न्हवं आता?" मालक म्हणाले. "कामाच्या जागी भांडणं नकोत."

"भांडण मी सुरू केलं नाही. सर चुकले, एवढं त्यांनी इथंच म्हणावं."

वरिष्ठ खुर्चीत बसले आणि उगाचच माउस हलवत राहिले.

त्यानंतर मी तिथे सात महिने काढले. आम्ही एकाच टेबलाशी बसून एकमेकांशी चिठ्ठ्यांवर बोलायचो. दिवाळीनंतर मला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी सोल्डरिंगच्या बायकांना पेढे दिले, मालकांना दिले आणि वरिष्ठांच्या खुर्चीजवळून पेढ्यांचा डबा बंद करून पुढे गेले. पुष्कळ दिवसांनी माणसाला असल्या गोष्टींची लाज वाटते म्हणतात. मला अजून वाटलेली नाही.