मूर्तीचा मुक्काम

आमच्या पल्लीत, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, ऑक्टोबर महिना मारियामातेचा मानतात. खरं तर तो नाश्त्याचा असतो. महिनाभर मातेची मूर्ती घरोघर फिरते. संध्याकाळी कालच्या घरून ती उचलायची, गाणं म्हणत आजच्या घरी न्यायची, तिथे सगळ्यांनी गुडघे टेकून मातेची जपमाळ म्हणायची, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मूर्तीचा मुक्काम त्या घरी. मी लहान होते तेव्हा माळेनंतर चहा-बिस्कीट मिळायचं. मग रंगीत टीव्ही आले, केबल आली, उज्जैनच्या नानाखेड्याला लोकांचे बंगले उठले, आणि मातेचं नशीब फळफळलं. कुणाकडे कचोरी, कुणाकडे समोसे आणि थंड्या बाटल्यांचा अख्खा क्रेट. पूर्वी मूर्तीला स्टूल पुरायचं, आता ती टीव्हीवर बसायला लागली. टीव्ही केवढा आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून त्याचं क्रोशाचं कव्हर वर दुमडून ठेवलेलं असायचं. एका घरी तर मातेला नव्या फ्रिजवर चढवली होती, आणि आम्ही सगळे त्या फ्रिजपुढे गुडघे टेकून पापांची क्षमा मागत होतो.

आम्ही मूळचे नगरकडचे. पप्पांना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली म्हणून उज्जैनला आलो आणि देवास गेटच्या मागे भाड्याच्या घरात राहून इथलेच झालो. पल्लीत बहुतेक केरळकडच्या नर्स आणि शिक्षक, मराठी बोलणारी आमची दोन-चार घरं. शहरात मराठी माणसांना तोटा नव्हता, पण आम्ही चर्चला जातो हे कळलं की ते आमचं मराठी पुन्हा एकदा कान देऊन ऐकत, कुठे काही खोट सापडते का बघायला.

पल्लीत पप्पांना मान होता तो त्यांच्या आवाजामुळे. माळ संपली की लिटनी असते. पुढचा माणूस मातेला एकेका नावाने हाक मारतो आणि बाकीचे प्रत्येक नावाला उत्तर देतात, "हमारे लिए प्रार्थना कर." ती सगळी नावं पप्पांना ओळीने पाठ होती. डोळे मिटून, शेवटचं अक्षर जरा लांबवत ते म्हणायचे. वर्षानुवर्षं दर ऑक्टोबरात, ज्याच्या घरी मूर्ती त्याच्या घरी, लिटनी पप्पांचीच. लोक त्यांच्या आवाजावर इतके सरावले होते की निम्मे पेंगत आणि तरीही उत्तर चुकत नसे. उरलेले निम्मे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत असत.

मग पप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढ्या मोठ्या शब्दभांडारातून एकच शब्द शिल्लक राहिला: हरामखोर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कोणता शब्द उरावा ते माणसाच्या हातात नसतं. ज्या माणसाने आम्हाला साधं 'गाढव' म्हटलं नव्हतं त्याला पाणी हवं असलं तरी हरामखोर, डोळ्यांवर ऊन आलं तरी हरामखोर, आणि आईने तोंड पुसलं की अगदी मायेने हरामखोर. आम्ही सुरावरून अर्थ लावायला शिकलो. शेजारचे सोवळं-ओवळं पाळणारे काका रोज सकाळी येत, ती शिवी ऐकत, "काय म्हणता, बरं वाटतंय ना?" विचारत आणि चहा पिऊन जात. त्यांना काही अडचण आली नाही.

अडचण आली ती आमच्या भाविकांना. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर पप्पांना कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला येत, तेव्हा पप्पांनी तोंड उघडलं रे उघडलं की आवाज फुटायच्या आत ती जिभेवर ठेवून मोकळे होत. आणि त्या ऑक्टोबरात मूर्ती आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे गेली. आईला वाटलं, चुकून राहिलं असेल. पुढच्या वर्षीही तेच होणार असं दिसल्यावर ती रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना सुटल्यावर पल्लीच्या कमिटीच्या अध्यक्षांना भेटली. हे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर, फ्रीगंजात राहणारे. पप्पांनंतर लिटनी त्यांनी आपल्याकडे घेतली होती आणि पुस्तकात बघूनही ते अडखळत. त्यांनी आईपुढे हात जोडले.

"बहनजी, हम आपका दुख समझते हैं. पर माता के सामने वो शब्द... बच्चे भी रहते हैं. आपको ही तकलीफ होगी."

आमच्या पल्लीत समजून घेणारे लोक फार. घरात आजार आहे, मूर्ती नको, त्रास होईल. हातात पैसा नाही, मूर्ती नको, नाश्त्याचं ओझं पडेल. असं समजून घेत घेत मातेला त्यांनी फक्त धडधाकट आणि खात्यापित्या घरांतून फिरवली, आणि त्याला दया असं नाव दिलं. फादरांकडे गेलो तर ते म्हणाले, कमिटीला विचारा. मला संताप आला. मी आईला म्हटलं, नाही आली मूर्ती तर नाही आली, आपलं काय अडलंय?

आई म्हणाली, "माझं नाही गं. यांना वाटतंय आपल्याला काढून टाकलं."

हे खरं होतं. ऑक्टोबरात संध्याकाळी गाण्याचा आवाज आला की पप्पा दाराकडे मान वळवत. आवाज पुढे गेला की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. तेव्हा ते तो एक शब्दसुद्धा बोलत नसत. आईला एवढंच हवं होतं, की त्या लोकांनी एकदा या घरात येऊन गुडघे टेकावेत आणि पप्पांना ते दिसावं.

त्या महिन्यात एकदा मूर्ती आमच्या शेजारच्याच गल्लीत होती आणि तिथून अध्यक्षांच्या घरी जायची होती. अध्यक्षांकडे नवा टीव्ही आला होता आणि आइस्क्रीम मागवलंय ही बातमी दुपारीच पसरली होती, त्यामुळे भक्तिभाव दाटून आला होता. पद्धतीप्रमाणे मूर्ती उचलायचा मान पुढच्या घरच्या बाईचा. अध्यक्षांची बायको रेशमी साडीचा पदर सावरत होती, तेवढ्यात गर्दीतून आई पुढे झाली आणि तिने मूर्ती उचलली. उचललेली मूर्ती घर येईपर्यंत रस्त्यात टेकवायची नाही आणि गाणं मधे तोडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आई चालायला लागली, लोक गात मागे निघाले. फ्रीगंजकडे वळायच्या ऐवजी ती आमच्या गल्लीत वळली. अध्यक्ष गाता गाताच हाताने रस्ता दाखवत होते. आईने बघितलं नाही. तिने मूर्ती पप्पांच्या पायथ्याशी, औषधांच्या बाटल्या सरकवून, टेबलावर ठेवली आणि मेणबत्ती लावली.

अध्यक्ष हळूच म्हणाले की एक छोटी प्रार्थना करून पुढे जाऊ या. आई म्हणाली, "माला पूरी होगी." आणि ती गुडघ्यांवर बसली. मूर्तीपुढे बाई गुडघे टेकून बसल्यावर उभं राहायची कुणाची छाती होईना. माणसं खोलीत, व्हरांड्यात, पायऱ्यांवर मावतील तशी बसली. पप्पा उशीला टेकून एकटक बघत होते. पूर्ण माळ झाली तरी ते गप्प होते. मला वाटलं, सुटलो.

अध्यक्षांनी पुस्तक उघडून लिटनी सुरू केली, चार-पाच नावं घेतली आणि वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात मातेचे पाय तेवढे दिसत होते. पाठ काहीच नसल्यामुळे अध्यक्षांची गाडी तिथेच थांबली. सगळे अंधारात पुढच्या नावाची वाट बघत राहिले. आणि पलंगावरून आवाज आला, जुन्याच चालीत, शेवटचं अक्षर लांबवून:

"हरामखोर..."

"हमारे लिए प्रार्थना कर," सगळी पल्ली एका सुरात म्हणाली. इतक्या वर्षांची सवय. आवाज ओळखीचा, चाल ओळखीची, काय म्हटलं त्याकडे लक्ष द्यायची गरज त्यांना कधीच पडली नव्हती.

मग त्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी खोकलं. कुणीतरी पोराच्या कानांवर हात ठेवला, आता ठेवून काय उपयोग होता कोण जाणे. पण पप्पांना उत्तर मिळालं होतं. लकव्यानंतर पहिल्यांदाच ते काही बोलले आणि लोकांनी हवं तेच उत्तर दिलं. ते उशीवरून वर सरकले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. तोच शब्द, तीच चाल. या वेळी सगळे चिडीचूप. त्या शांततेत आई एकटीच म्हणाली, "हमारे लिए प्रार्थना कर."

तिसऱ्या नावाला मीही म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्या सगळ्यांचा रागही येत होता, त्यामुळे जरा जोरातच म्हणाले. चौथ्याला पायऱ्यांवरून एका नर्सचा आवाज आला, मग व्हरांड्यातून आणखी दोघांचा. पप्पा एकेक नाव सावकाश घेत होते, मनातल्या मनात त्यांना ती सगळी ओळीने येत असावीत, कारण जिथे चाल बदलते तिथे त्यांनी बरोबर बदलली.

तेवढ्यात वीज आली. अध्यक्षांनी घाईघाईने पान शोधलं, घसा खाकरला आणि तोंड उघडलं. पप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. सगळी पल्ली अध्यक्षांकडे बघत होती. त्यांनी पुस्तक मिटलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हमारे लिए प्रार्थना कर."