वहिनीने लावलेली शिकवणी

आमच्या वहिनीला राग येत नाही; ती रागातच असते, मधूनमधून तिला हसू येतं. शाळेत ती गणित शिकवते. आठवीचा वर्ग तिचा. 'तिचा' म्हणजे अगदी तिचाच. घरात तिची स्वतःची दोन मुलं आहेत, पण ती 'माझी पोरं' म्हणाली की आम्ही सगळे आठवी समजतो. मुलांनीसुद्धा ते मान्य केलंय.

ती आठवीच काढून घ्यायची वेळ आली. मुख्याध्यापक एक दिवस तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले आणि नंतर तिला खोलीत बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गात मुलं बोलतच नाहीत हो. नुसती ऐकतात. तुम्हाला कोचिंगची गरज आहे."

"मला?"

"हल्ली बाहेर मिळतं. स्वखर्चाने करून घ्या. या सत्रात फरक दिसला नाही, तर आठवी नव्या सरांना देऊ. तुम्ही वाचनालय सांभाळा."

त्या संध्याकाळी जे पातेलं हाताला लागलं ते आपटलं गेलं.

"पोरगं ढ निघालं की त्याला शिकवणी. आता मास्तरीण ढ निघाली, तर तिलाही शिकवणी! आणि पैसे कोणी भरायचे? मी! भाऊजी, बसचा ब्रेक लागत नसेल तर ड्रायव्हरला कुणी म्हणतं का, की जा, स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करून आण? नाही म्हणत!"

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वहिनीशी संवाद असाच होतो. ती विचारते, आपण श्वास घेतो, तेवढ्यात ती उत्तर देऊन पुढच्या स्टॉपवर पोचलेली असते. "भाऊजी, भाजी वाढू? वाढतेच." मला नको असलेली कितीतरी भाजी या एका वाक्याने माझ्या पोटात गेली आहे.

शिक्षकांच्या खोलीत तर उठावच झाला. खेळाचे सर म्हणाले, "शिट्टीत हवा माझीच जाते, आता तीही बाहेरून विकत आणू काय?" सगळ्यांनी मिळून ठरवलं की कुणीही खिशातून दमडी काढायची नाही. सगळ्यात मोठा आवाज वहिनीचा होता.

आणि लगेचच्या रविवारी ती गेली. "भाजी आणते" म्हणून गेली, पण पिशवी दाराच्या खिळ्यालाच होती.

"ठरवलं होतं ना, जायचं नाही?" ती परतल्यावर दादाने विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला असले प्रश्न सुचतात.

"मग काय आठवी त्या नव्या सराला देऊ? अपूर्णांक पाठ करून घेतो तो पोरांकडून! पाठ! कविता आहे का ती?"

ती ज्यांच्याकडे गेली, त्या भूगोलाच्या निवृत्त बाई. नोकरीत असताना त्या इतक्या कमी बोलत, की मुलं त्यांना 'घुम्या बाई' म्हणत. आता त्या घरच्या पुढच्या खोलीत शिक्षकांना शिकवतात. त्यांनी वहिनीला सांगितलं, "मी आठवीत आहे असं समजा आणि शिकवा." वहिनीने तासभर अपूर्णांक शिकवले. घसा कोरडा होईपर्यंत.

मग घुम्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला सगळं येतंय. प्रश्न तुम्हीच विचारलेत, उत्तरंही तुम्हीच दिलीत, एकही चुकलं नाही. मी नसते तरी तास असाच झाला असता."

"पैसे मोजून अपमान!" वहिनी घरभर फिरत होती. "पुन्हा पायरी चढणार नाही मी त्यांची."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. येताना औषध घेऊन आली. औषध असं: प्रश्न विचारायचा, की लगेच पाण्याचा घोट घ्यायचा आणि कुणीतरी उत्तर देईपर्यंत तो गिळायचा नाही.

सराव अर्थातच आमच्यावर. "भाऊजी, भाजी वाढू?" म्हणून वहिनी गाल फुगवून, डोळे वटारून समोर उभी. तिच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. मी 'नको' म्हणालो आणि मला खरोखरच वाढली नाही. दादा तर एका संध्याकाळी अख्खं वाक्य बोलला, आणि ते संपल्यावर पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

शाळेत आधी मुलांना वाटलं, बाईंची दाढ दुखतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो नाही तर बाई घुसमटतील. शेवटच्या बाकावरचेही दयेपोटी उत्तरं देऊ लागले. चुकीची, पण देऊ लागले.

सत्र संपत आलं, तसे मुख्याध्यापक पुन्हा येऊन बसले. वहिनीने विचारलं, "अर्ध्याला अर्ध्याने भागलं तर किती?" आणि घोट घेतला. वर्ग गप्प, पोरं विचार करत होती. वहिनीचे गाल फुगलेले. मुख्याध्यापकांना ती शांतता सोसेना. ते मागून म्हणाले, "पाव! अरे, पाव!"

वहिनीने घोट गिळला. "कसं काढलंत, सर?" असं विचारून लगेच दुसरा घेतला.

मुख्याध्यापक उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे... अर्ध्याचं अर्धं..." मधल्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तो गुणाकार झाला. अर्ध्या लिटर पाण्यात अर्ध्या लिटरच्या बाटल्या किती भरतील? एकच की." वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातून शिपाई पाठवला गेला.

मुख्याध्यापकही हसले, माणूस तसा वाईट नाही. पण दुसऱ्याच दिवशी सगळ्या शिक्षकांना जमवून ते म्हणाले, "मॅडमनी स्वतःच्या खर्चाने मार्गदर्शन घेतलं. आठवी त्यांचीच. आता प्रत्येकाने हेच करायचं. त्यांना परवडलं, तर तुम्हालाही परवडेल."

वहिनी उठली.

"सर, मी पैसे भरले ते माझ्या पोरांसाठी. ह्या सगळ्यांच्या खिशात तुम्हाला हात घालता यावा म्हणून नाही. तुमचा अख्खा स्टाफ शिकायला हवा असेल, तर बाईंना शाळेत बोलवा, शाळेच्या वेळात, शाळेच्या खर्चाने. ते जमत नसेल तर घ्या आठवी. आत्ता घ्या!"

नवे सर घाईघाईने म्हणाले, "मला नको हो ती आठवी. ती मुलं आता प्रश्न विचारतात."

आठवी राहिली. संस्थेकडून उत्तर आलं की पैसे नाहीत. सक्ती बारगळली, पण बाईही शाळेत आल्या नाहीत. वहिनीने पुन्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बजावलं: शाळा देईपर्यंत कुणीही जायचं नाही.

परवाच्या रविवारी ती संतापून घरी आली. घुम्या बाईंच्या जिन्यात तिला खेळाचे सर भेटले होते, वरून खाली येताना.

"मी चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, लाज वाटत नाही? असे गुपचूप पैसे भरत बसलात, तर शाळा कशाला देईल कधी?"

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, मॅडम, तुम्ही वर कुठे निघालात?"

दादा हसला. ते त्याने करायला नको होतं.

"हसा! संस्थेवाल्यांना ठाऊक आहे, आपण जाणारच. पोरांसमोर उभं राहायचं आपल्याला, त्यांना नाही. म्हणून देत नाहीत मेले!"

जरा वेळाने मी भीतभीत विचारलं, "मग आता बंद का, वहिनी?"

"बंद कशाने?" ती खेकसली. "सातला जायचंय पुढच्या रविवारी. माझी आठची वेळ त्या शिट्टीवाल्याने घेतलीय."