मानाच्या गाडीचे पडदे

वाशीमहून रिसोडला निघताना पहिला प्रश्न उभा राहिला, तो पुढे कोणी जायचं हा. माझे मेहुणे वसंतराव वकील. त्यांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. वरपिता नानासाहेब आम्हांला न्यायला आपली मोटार घेऊन रिसोडहून आले होते. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला नातसून पाहायची होती, म्हणून वसंतरावांची मुलगी, माझी भाची मालती बरोबर होती. आजीनं हो म्हटलं की लग्न ठरणार. तेव्हा मानाची म्हणून नानासाहेबांची गाडी पुढे आणि आमची मागे. मी पुण्याहून आलेला. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही.

गाव मागं पडलं आणि गिट्टीचा रस्ता सुरू झाला. नानासाहेबांच्या चाकांमागं चिखल-खडे अडवणारे पडदे नव्हते. सुटलेला प्रत्येक खडा थेट आमच्याकडे यायचा. एक टपावर आदळला, एक दारावर, आणि एकानं आमचा डावा दिवाच फोडला.

"जरा अंतर ठेवा की," मी म्हणालो.

"मागं राहिलो तर त्यांना वाटेल, आपल्याला उत्साह नाही." वसंतरावांना काच फुटलेली चालणार होती, सोयरीक नाही.

वाटेत रिठदला थांबून भजी खाल्ली, चहा घेतला. लिंबाखाली एक चांभार बसला होता. वसंतरावांनी त्याच्याकडे चाकामागं लावायला रबर मागितलं.

"रबर कोठून आणू, साहेब? मोटीचं चामडं हाये न. आत्ता दोन पडदे कापून देतो." मोट म्हणजे विहिरीचं पाणी ओढायची चामडी पिशवी. पडदे झकास झाले. पण द्यायचे कसे? तुमची गाडी दगड मारते, हे वरपित्याला सांगणार कोण? वसंतरावांनी दुकानातून नारळ आणला, पडद्यांना हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी पुढे केले. "आमच्याकडून गाडीला लहानसा आहेर."

नानासाहेबांनी पडदे कपाळाला लावले. "इवाईबुवा (व्याही), मले आहेर लय भेटले, पण माह्या गाडीले कोनी इचारलं नव्हतं!"

"चाकामागं ठोकून देऊ का?" चांभारानं विचारलं.

"अरे, आहेर कोनी चिखलात बांधते काय!" नानासाहेब खेकसले. पडदे शालीत गुंडाळून त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवले, आणि खुशीत गाडी दुप्पट वेगानं सोडली.

रिसोड दिसू लागलं आणि आमची पुढची काच खळ्ळकन फुटली. सगळा चुरा वसंतरावांच्या धोतरात. आवाज ऐकून नानासाहेब थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. काच जुनीच होती," वसंतराव म्हणाले. वारा छान लागतोय, असं मीही सांगून टाकलं.

मालती पदर झटकत खाली उतरली. सकाळपासून तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. "काका, तुमच्या गाडीचे दगड लागतात आम्हांला. ते पडदे चाकामागं लावायला आणले होते."

वसंतरावांनी डोळे मिटून घेतले. मला तर हे लग्न मोडलंच असं वाटलं.

नानासाहेबांनी आमच्या फुटक्या काचेकडे पाहिलं, मग वसंतरावांकडे. "मंग सांगतलं काहून नाही? मी का वाघ हावो?" आणि एकदम हसले. "बुढी काय म्हनते ते म्हनो, पोरगी आमची झाली! खरं बोलनारं एक मानूस पायजेच होतं घरात." आजीनंही हो म्हटलं. पडदे मात्र शालीतच राहिले; त्यांना कुंकू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब आम्हांला पोहोचवायला रिठदपर्यंत आले. आता पाहुणे आम्ही, म्हणून आमची गाडी पुढे. पडदे आमच्याही चाकांना नव्हते. मी वळून पाहिलं की दगड चुकवायला नानासाहेबांचं डोकं खाली गेलेलं असायचं, आणि वर आलं की ते हसून हात हलवायचे. रिठदला उतरलो, तर त्यांच्या काचेला आरपार तडा.

"दगड लागले का हो फार?" मी विचारलं.

"छे! काई नाही," नानासाहेब म्हणाले. "काच जुनीच होती."

वऱ्हाडातले रस्ते कसे आहेत, असं पुण्यात लोक मला विचारतात. रस्ते खडबडीत आहेत खरे; पण दगड लागला, असं त्या रस्त्यावर एकटी मालतीच बोलली. आता ती त्याच घरी नांदते आहे. अजून तशीच बोलत असू दे, एवढंच मला मनापासून वाटतं.