अध्यक्षीणबाईंची मेणबत्ती

तलमडुगुजवळच्या एका गावात नागनाथ हा बुद्धविहार समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याची बायको मनकर्णा त्याच दिवशी अध्यक्षीणबाई झाली. नागनाथाला निदान हार तरी मिळाला. हिच्या वाट्याला आली बिनपगारी चाकरी. सासू-सुनेचं बिनसलं की हिला बोलावणं, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर हिलाच हाक. पण एक काम ती जिवापाड जपायची. गावात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असलं की अध्यक्षीणबाईंनी आत जाऊन मुलीला एकटीला विचारायचं. मुलगी हो म्हणाली, तर मेणबत्ती आणून अध्यक्षाच्या हाती द्यायची. ती बुद्धमूर्तीपुढे पेटली की कार्यक्रम सुरू. आजवर एकही मुलगी नाही म्हणाली नव्हती, त्यामुळे लोकांनी तो नुसता रिवाज धरला होता.

गावातल्या डोमाजीच्या मुलीचं, दीक्षाचं, साक्षगंध ठरलं. मुलगा राजकुमार, बोथ गावच्या कचेरीत कारकून. स्थळ नागनाथानंच आणलेलं, शब्दही त्यानंच दिलेला. मांडवात पाहुणे बसले. मनकर्णानं आत जाऊन दार लोटलं आणि नेहमीसारखं विचारलं.

"काकू, मले नाही करायचं," दीक्षा म्हणाली. "मले शिकायचं हाय. बाबाले सांगतलं, पन कोनी ऐकूनच नाही राह्यलं."

भर मांडवात नवऱ्याला खाली बघायला लावायचं? पण पोरगी मनकर्णाकडं बघत होती, आणि आपणच विचारून वर न ऐकल्यासारखं करणं तिला जमेना.

ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"मेनबत्ती?" नागनाथानं विचारलं.

"पोरगी नाही मनते."

"अवं, लहान हाय ते. तू आन मेनबत्ती. अध्यक्ष मी हाव का तू?"

"तुमीच. पन इचारायचं काम माह्यं हाय. ते हो मनल्याबिगर मी मेनबत्ती आनत नाही."

डोमाजीनं मान खाली घातली. नागनाथ रागानं लालबुंद झाला होता. पण जरा वेळानं त्यानं पाहुण्यांपुढे हात जोडले.

"माफ करा. शब्द देऊन चूक मी केली, पोरीनं नाही. जेवून जा."

पाहुणे जेवून गेल्यावर दोघं घरी निघाले. आता बोलणी खावी लागणार, असं मनकर्णा धरूनच चालली होती. वाटेत नागनाथ म्हणाला, "आपल्या साक्षगंधात तुले कोनं इचारलं होतं?"

"कोनीच नाही."

पुढचा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला. पण अख्ख्या गावाच्या बैठका चालवणाऱ्या अध्यक्षाची तो विचारायची छाती झाली नाही.