शालन आणि माझा वर गेलेला हात

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठ वडगावच्या बाजारात मेथी घेत होते. जुडी तशीच ठेवून वडापच्या जीपनं गावाकडे निघाले. पोचेपर्यंत तिला नेलं होतं...

पंचायतीत राखीव जागांवर आम्ही दोघी एकदमच निवडून आलो. ती सरपंच झाली, मी सदस्य. सुरुवातीला सरपंचाच्या खुर्चीत तिचे मालकच बसायचे. दोन सभा तिनं बघितलं. तिसरीला लवकर जाऊन स्वतःच बसली. मालक दारातूनच परत फिरले. सभेत तोंड उघडायचं धाडस मला आलं ते तिच्याकडं बघून.

शाळेच्या मैदानात माझ्या थोरल्या दिरांनी गोठा घातला होता. तो हलवायची नोटीस देण्याआधी शालन माझ्या घरी आली. "रंजना, उद्या नोटीस काढतोय. दुसऱ्याकडनं कळाय नको म्हणून आधी तुला सांगाय आलो." मी चहा ठेवला. तिला अडवलं नाही, पण तुझ्या बाजूनं उभी राहीन असंही म्हटलं नाही.

पुढं तिच्यावर अविश्वास ठराव आला. सभेला निघताना आमचे मालक एवढंच म्हणाले, की आज घराकडं बघून वाग. तहसीलदारांनी हात वर करायला सांगितलं. ठराव मंजूर व्हायला एक मत कमी पडत होतं. शालननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी हात वर केला.

सभा सुटल्यावर मी मागं रेंगाळले, तर ती फाटकाशी थांबलेली. "चल की, वाट एकच हाय आपली," म्हणाली. त्या वाटेवर आणि नंतर कितीतरी वर्षं तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी महिला दिनाला पंचायतीनं माजी महिला सदस्यांचा सत्कार केला. आज सगळ्यांदेखत सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. माईक हातात आला आणि मी नुसते आभार मानून खाली बसले. पुढं ती कोल्हापूरला दवाखान्यात होती, तेव्हाही उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले...

दिवसकार्य झाल्यावर तिच्या सुनेपाशी मन मोकळं केलं. तिला ते ठाऊक होतं. "आत्या म्हणायच्या, रंजना आपणहून बोलंल एक दिवस. तुमची लई वाट बघितली त्यांनी."

पंचायतीच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फलक आहे. शालनच्या नावापुढं पुरती तीन वर्षंही नाहीत. कारण कुठं लिहिलेलं नाही. परवा नवी निवडून आलेली एक पोरगी फलक वाचत होती. ह्या मधेच कशा उतरल्या, असं तिनं विचारलं. मी तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "माझ्यामुळं."